ताकाला जाऊन भांडं का लपवता?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक मूळचे चिंचवडचे. अठरा वर्षांपासून मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतात. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अभियंता आहेत, वय ४७. ते लिहितात: "दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. तिथे रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसायचं, हा माझा सण. १९६७ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक (शेपटीपर्यंत उतरत्या छपराची) घ्यायची, हे पंधरा वर्षांचं वेड. त्यासाठी ३० हजार डॉलर बाजूला काढलेत. पण मनासारखी गाडी दिसली की मालक त्याच्या दुपटीपुढचाच आकडा सांगतो. ६९च्या शेव्हर्ले कमॅरोचंही तेच. आता मागच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ आपली ६७ची मर्क्युरी कूगर विकताहेत, ती माझ्या पैशांत बसते. ब्युइक जीएस, एएमसी जॅव्हलिन ही नावंही डोक्यात आहेत. ऑफिसातला मित्र म्हणतो, कुणाला माहीत नसलेली गाडी घेशील तर पार्ट मिळणार नाहीत आणि उद्या विकणार कुणाला? बायको म्हणते, घ्यायचीच तर चौघांना बसता येईल अशी घ्या, नाहीतर सरळ नवी मस्टँग घ्या. माझी भीती वेगळीच आहे. दुधाची तहान ताकावर भागवली आणि जन्मभर शेजारून मस्टँग गेली की जीव जळत राहिला तर?"

स.न.वि.वि.

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. वर दिलंय ते त्याचं सार. मी ते पेन्सिल हातात घेऊन वाचलं. त्यात ‘लोक’ हा शब्द अकरा वेळा येतो. लोक काय विचारतील, लोक थांबून बघतील का, लोक हसतील का. ‘चालवणं’ हे क्रियापद मात्र एकदाही नाही. टोमणा मारत नाहीये, मीही याच रोगाचा जुना रोगी आहे. पण तुम्ही विचारताय सुट्या भागांबद्दल आणि पुनर्विक्रीबद्दल, आणि मनात आहे की वुडवर्डवर आपल्या गाडीपाशी कुणी थांबेल का. याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. भांडं बाहेर काढा, मग ताक-दुधाचं बघू.

आधी ‘प्रसिद्ध’ या शब्दाची थोडी झडती घेऊ. मस्टँग आली १७ एप्रिल १९६४ला. प्लिमथची बॅराकुडा तिच्या सोळा दिवस आधी, १ एप्रिलला बाजारात आली होती. कल्पना तीच: साध्या घरगुती गाडीच्या सांगाड्यावर तरुणांना आवडेल असा पत्रा. पण बॅराकुडाचा पुढचा भाग व्हॅलियंटचाच वाटायचा, आणि फोर्डने मस्टँगची हवाच अशी केली की पहिल्या वर्षभरात चार लाखांहून जास्त गाड्या गेल्या. जी गाडी जास्त खपली तिच्या आठवणी जास्त, पोस्टरं जास्त, म्हणून आज गिऱ्हाइकं जास्त आणि किंमतही जास्त. यात ‘चांगली’ हा शब्द कुठे आला? मस्टँग वाईट, असं मी म्हणत नाही. किंमत ठरते ती गाडीच्या गुणांपेक्षा आठवणींच्या गर्दीवर, एवढंच.

दुसरं गृहीतक: कमी प्रसिद्ध म्हणजे कमी दमाची. तुम्ही ब्युइकचं नाव घेतलंय म्हणून सांगतो. मध्यम आकाराच्या गाडीत ४०० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, हा ब्युइकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा घरचा नियम होता. तो १९७०च्या मॉडेलपासून उठला. त्या वर्षी ब्युइकने जीएस ४५५ काढली. कागदावर ताकद ३५० अश्वशक्ती, ‘स्टेज वन’ ही तिची जास्त दमाची आवृत्ती घेतली तर ३६०. ऐकायला बेताचीच. पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, ५१० पाउंड-फूट, तोही मिनिटाला फक्त २८०० फेऱ्यांना. म्हणजे सिग्नल हिरवा झाल्यावर, शेजारचा आपलं इंजिन किंचाळवत असतानाच, ही निवांतपणे पुढे निघून जाते. डॉक्टर-वकिलांची म्हणून ओळखली जाणारी कंपनी, आणि तिच्या पोटात हे!

पण इथेच तिसरं गृहीतकही मोडतं, की कमी प्रसिद्ध म्हणजे स्वस्त. जीएसचीच खास आवृत्ती, १९७०ची जीएसएक्स, फक्त ६७८ बनली. माहीतगार माणसं तिच्यासाठी जे मोजतात ते ऐकून तुम्हाला मस्टँग स्वस्त वाटेल. अस्सल स्टेज वनही ३० हजारांत बसेल अशी आशा धरू नका. दुर्मीळ आणि दुर्लक्षित यांत फरक आहे. तुम्हाला हवी आहे ती दुर्लक्षित गाडी, दुर्मीळ नव्हे.

आता पार्टचा प्रश्न. तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असणारा मित्र फार त्रासदायक असतो. ‘पार्ट’ हा एकच शब्द वापरून दोन अगदी वेगळ्या वस्तू एकत्र बांधू नका. एक असतो सांगाडा: सस्पेन्शन, ब्रेक, इंजिन, गिअर, एक्सल. दुसरा असतो साज: जाळी, दिव्यांची झाकणं, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्ड, काचा, सीटचं कापड. अमेरिकी कंपन्यांत सांगाडा भावाभावांत वाटून घ्यायची रीत होती, साज ज्याचा त्याचा. हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा तिन्ही नावांच्या गाड्या बाहेर पडायच्या. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय, डिसोटो डिप्लोमॅट: नावं तीन, बिल्ले तीन, आतली गाडी जवळपास एकच. मुंबईच्या मिस्त्रीला बिल्ल्याशी देणंघेणं नव्हतं, तो खाली वाकून बघायचा. तुम्हीही खाली वाकून बघा.

मर्क्युरी म्हणजे फोर्डच्याच घरातली. तिची कूगर खाली वाकून बघितली तर काय दिसतं? मस्टँगच. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, तीन इंच जास्त, १०८च्या जागी १११, त्यामुळे चाल जरा शांत. बाकी इंजिन, गिअर, ब्रेक, सस्पेन्शनचा बराच भाग मस्टँगच्या दुकानातून येतो, आणि जुन्या मस्टँगच्या सामानाची दुकानं अमेरिकेत आपल्या वडापावच्या गाड्यांइतकी. पुढच्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क बसवायच्या म्हटल्या तरी अडत नाही. ६७च्या कूगरला सहा सिलिंडरचं इंजिन मिळतच नव्हतं, सगळ्यात साधी गाडीसुद्धा २८९ क्युबिक इंचांची व्ही-८. त्या वर्षी मोटर ट्रेंड मासिकाने ‘कार ऑफ द इयर’ निवडली ती हीच.

मग पैसा कुठे जिरतो? साजात. पुढचे दिवे जाळीमागे लपलेले, त्यांची झाकणं व्हॅक्यूमवर उघडतात. रबरी नळ्या वाळल्या की एक डोळा उघडा आणि एक मिटलेला, अशी गाडी रस्त्याने जाते. मागचे वळणाचे दिवे आतून बाहेर एकेक करून लागतात, त्यासाठी डिकीत एक छोटी विजेची मोटर असते. ती बंद पडते. यातलं बरंच दुरुस्त होतं, कूगरला वाहिलेली दुकानं आहेत, पण कमॅरो किंवा मस्टँगची अख्खी नवी बॉडी पत्र्यासकट विकत मिळते, तशी चैन इथे नाही. म्हणून कमी प्रसिद्ध गाडी घेताना नियम उलटा ठेवा. इंजिन दमलेलं असलं तरी चालेल, साज पुरा हवा. नवशिके बरोबर उलटं करतात. इंजिनाचा आवाज ऐकून भाळतात आणि हरवलेली एक क्रोमची पट्टी शोधत पुढची तीन वर्षं घालवतात.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतःलाही सांगितलेली दिसत नाही. तुमचं वेड मस्टँगचं आहे की फास्टबॅकचं? कारण ६७च्या कूगरला फास्टबॅक नाही. छप्पर खिडकीच्या मागे खाली उतरतं, शेपटीपर्यंत घसरत जात नाही. तुम्ही पंधरा वर्षं त्या उतरत्या छपराकडे बघत बसला असाल, तर कूगर कितीही गुणी असली तरी तुम्ही म्हणता तसा जीव जळेल, आणि तो दोष कूगरचा नसेल. उतार हवा असेल तर ६७ ते ६९ची बॅराकुडा फास्टबॅक बघा. जॅव्हलिन बघा. आणि बिल्लाच हवा असेल, घोडाच हवा असेल, तर मस्टँगची साधी हार्डटॉप घ्या. तेच साल, तेच २८९ इंजिन, तोच चेहरा, फक्त उतार नाही आणि किंमत बरीच खाली. तुमच्या चार पानांत या गाडीचा उल्लेखही नाही याचं मला नवल वाटलं. प्रसिद्ध गाडीची अप्रसिद्ध बहीण हाही एक पर्याय असतो. पण ‘लोकां’ना फास्टबॅकच आवडते, नाही का?

जॅव्हलिनबद्दल थोडं मन मोकळं करतो, कारण माझा जीव तिच्यात आहे. नॅश आणि हडसन या दोन कंपन्या १९५४मध्ये एकत्र येऊन एएमसी झाली. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या मोठ्या तिघांसमोर ती कायम चौथी, विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावात काटकसरीच्या गाड्या बनवणारी. तिने १९६८च्या मॉडेल वर्षासाठी जॅव्हलिन काढली, आणि १९७१मध्ये रॉजर पेन्स्कीच्या संघातून मार्क डोनह्यूने त्याच जॅव्हलिनवर ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींचं अजिंक्यपद घेतलं, मस्टँगवाल्यांच्या नाकावर टिच्चून. धाकट्या घरातल्या मुलाने थोरल्यांच्या अंगणात येऊन कुस्ती मारावी तसं. तोट्याची बाजू अशी की एएमसीची इंजिनं तिची स्वतःची. फोर्डचं ३९० आणि एएमसीचं ३९० यांत आकड्याशिवाय काहीही समान नाही. (हाच घोळ जनरल मोटर्समध्येही आहे: ब्युइक, ओल्ड्समोबील आणि पॉन्टियॅक, तिघांचीही ४५५ होती आणि तिन्ही इंजिनं वेगळी. दुकानात नुसता आकडा सांगून पार्ट मागू नका.) गिअरबॉक्स वगैरे बाहेरच्या नावाजलेल्या कंपन्यांकडून घेतलेले, ते मिळतात. साज शोधावा लागतो, त्यासाठी क्लबातल्या म्हाताऱ्यांशी मैत्री करावी लागते. तुम्हाला फोनवर अनोळखी माणसाशी अर्धा तास बोलायचा कंटाळा असेल, तर जॅव्हलिन तुमची गाडी नाही. तिची दोन आसनी बहीण एएमएक्स तर सोडूनच द्या, तिच्यात चौघं बसत नाहीत. घरचा कौल तुम्ही आधीच कळवलाय.

विक्रीचं म्हणाल तर मित्राचं खरं आहे. मस्टँगची जाहिरात टाकली की आठवड्यात फोन येतात, जॅव्हलिनला योग्य गिऱ्हाईक मिळायला कधीकधी अख्खा हंगाम जातो. पण तुम्ही विकायला घेताय का? पंधरा वर्षांच्या वेडाला गुंतवणूक म्हणून सजवू नका, ते वेडाचा अपमान आहे आणि गुंतवणुकीचाही. या गाडीवर खर्चलेला पैसा पूर्ण परत येणार नाही, असंच धरून चाला. त्या ३० हजारांतले २३-२४च गाडीवर घाला, उरलेले पहिल्या वर्षासाठी ठेवा. टायर, ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या (आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खाल्लं जातं), रेडिएटर, वायरिंग. विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चा घ्या, म्हणजे गाडीची रक्कम आधीच ठरलेली राहते. नाहीतर अपघातानंतर तुमची कूगर ही त्यांच्या लेखी फक्त एक फार जुनी मर्क्युरी असते.

कमी प्रसिद्ध गाडीचा एक फायदा तुम्ही धरलेला नाही. तिची नक्कल करायचा मोह कमी. ६९च्या कमॅरोच्या व्हीआयएन क्रमांकावरून (कारखान्यात गाडीला दिलेला ओळख क्रमांक) आठ सिलिंडर की सहा, एवढंच कळतं, ती कारखान्यातून एसएस, म्हणजे जास्त दमाची आवृत्ती, म्हणून निघाली का ते कळत नाही. म्हणून साध्या कमॅरोला एसएसचे बिल्ले चिकटवून विकणारे पोतंभर. उलट ६८ ते ७१ची ओल्ड्समोबील फोर-फोर-टू असेल तर क्रमांक ३४४ने सुरू व्हायला हवा. मागच्या गल्लीतली कूगर ६७ची आहे, म्हणजे तिचा मार्टी रिपोर्ट मागवता येतो. फोर्डच्या कारखान्यातल्या नोंदींवरून रंग, इंजिन, गिअर आणि कुठल्या विक्रेत्याकडे गेली हे सगळं त्यात मिळतं. खर्च किरकोळ आहे. शेजारी कितीही सज्जन असले तरी मागवा. सज्जन माणसालाही स्वतःच्या गाडीचा इतिहास चुकीचा ठाऊक असतो.

आणि गंज. तुम्ही मिशिगनमध्ये आहात, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ कसं पडतं ते मी तुम्हाला काय सांगू! मी ओहायोत असताना पहिली जुनी गाडी घेतली ती संध्याकाळच्या उन्हात, काळ्या व्हायनिल छपराची. दिसायला देखणी. विकणारा गोड बोलत होता, मी खाली वाकलोच नाही. वसंतात छपराचं कापड एका कोपऱ्यात फुगलं म्हणून उचललं, तर खाली पत्र्याऐवजी तपकिरी चाळण. मागच्या चाकांवरचा पत्रा तर नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला. तेव्हापासून खिशात फ्रिजवरचा लोहचुंबक बाळगतो. तो जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही. कूगर आणि मस्टँगला स्वतंत्र चेसिस नाही, गाडीचा पत्राच तिचं हाड. त्यामुळे विंडशील्डखालचा काउल, पुढच्या पायाखालचा पत्रा आणि डिकीचा तळ, या तीन जागा गेलेल्या असतील तर गोड बोलून परत फिरा.

त्यानंतर मी ७१ची प्लिमथ डस्टर घेतली, ३१८ इंजिनाची, कुणाच्याही पोस्टरवर नसलेली. नऊ वर्षं होती. तुमच्या ‘लोकां’बद्दलचं माझं उत्तर त्या गाडीने दिलेलं आहे. मस्टँगजवळ येऊन लोक म्हणतात, "छान गाडी." आणि पुढे जातात. डस्टरजवळ पेट्रोल पंपावर कुणीतरी म्हातारी थांबायची आणि म्हणायची, "माझ्या भावाकडे होती, अशीच हिरवी." मग भाऊ, त्याची नोकरी, त्याचं लग्न, सगळं ऐकून घ्यावं लागायचं. टाकी भरून दहा मिनिटं झालेली असायची. तुम्हाला कौतुक हवं असेल तर प्रसिद्ध गाडी घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गोष्टी हव्या असतील तर दुसरी.

वहिनींचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तोच सगळ्यात भक्कम आहे. नवी मस्टँग घ्या असं त्या म्हणतात तेव्हा त्यांना नवी मस्टँग नको असते, त्यांना ब्रेक लागणारी गाडी हवी असते. ६७च्या गाडीत एअरबॅग नाही, पुढे बहुधा नुसता कमरेचा पट्टा, पावसात थांबायला आजच्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर. हे हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या डिस्क आणि खांद्यावरून येणारे पट्टे यांचा खर्च पहिल्याच यादीत धरा आणि ती यादी त्यांना दाखवा. मागच्या सीटवर मुलांना आधी बसवून बघा, पोनी गाड्यांत (मस्टँगच्या धर्तीच्या या छोट्या गाड्यांत) चौघं कागदावर जितकी सहज बसतात तितकी प्रत्यक्षात नाही. गुडघे छातीला लागले तर ब्युइक किंवा ओल्ड्समोबीलच्या मध्यम गाड्यांच्या साध्या आवृत्त्या बघा. त्यांचा सांगाडा शेव्हर्लेच्या शेव्हल गाडीशी भाऊबंदकीतला, त्यामुळे खालचं सामान मिळतं.

घाई करू नका, आणि ऑगस्टमध्ये तर घेऊच नका. मिरवणूक ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, तेव्हा तुमच्या भागात प्रत्येक मालकाचा भाव चढलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटी, गाडी हिवाळ्यासाठी कुठे ठेवायची हा प्रश्न पडतो तेव्हा, तोच माणूस फोन उचलतो. तोवर तीन गाड्या प्रत्यक्ष चालवा: कूगर, मस्टँग हार्डटॉप आणि कुठलीही एक उतरत्या छपराची. नुसतं बघणं नव्हे, चालवणं. मिशिगनची ऐतिहासिक नंबर प्लेट घेणार असाल तर गाडी प्रदर्शनं, क्लबचे कार्यक्रम अशा कामांपुरतीच काढता येते, ऑगस्ट महिना तेवढा मोकळा. दर रविवारी फिरवायची असेल तर साधी प्लेट घ्या.

मागच्या गल्लीतल्या गृहस्थांकडे या शनिवारी संध्याकाळी, अंधार पडता पडता जा. आधी किंमत काढू नका. ते गाडीत बसतील, तुम्ही मागे उभे राहा आणि त्यांना डावीकडे वळायचा दिवा लावायला सांगा. तीन दिवे एकामागून एक बाहेरच्या बाजूला धावत जातील. तुम्हाला हसू आलं तर खिशातून चुंबक काढा आणि डिकीतली चटई उचलायला सांगा.